सोलापूरहून पौडला: एका जुन्या फियाटचा प्रवास

व्यापाऱ्याच्या घरातून जुनी वस्तू बाहेर जाते. बाहेरची जुनी वस्तू पैसे मोजून आत येणे ही दुर्मीळ गोष्ट. तांदूळ जुना झाला तर त्याचा भाव वाढतो, एवढाच काय तो अपवाद. मुळशी तालुक्यातील पौड येथे तीन पिढ्या किराणा आणि तांदळाचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबात जेव्हा बासष्ट सालची फियाट मोटार घेण्याचा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा आला नाही. तो आला मर्यादेचा.

घरातील वडीलधाऱ्यांना पेठेत सगळे भाऊ म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी परिग्रहाचे परिमाण करताना घरच्या वाहनांची संख्या तीनवर बांधून घेतली होती: दुकानाचा टेम्पो, घरची मोटार आणि मुलाची बुलेट. तीनच्या पुढे चौथे वाहन दारात उभे राहणार नाही, हे ठरलेले. मुलाने फियाटचा विषय काढला तेव्हा भाऊंनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही, "मग जाणार कोणते?" एवढेच विचारले. टेम्पो जाणे शक्य नव्हते, घरची मोटार जाणे सूनबाईंना मान्य नव्हते. मुलाने दोन महिने विचार केला आणि कॉलेजच्या दिवसांपासून जपलेली बुलेट विकली. खरी किंमत तेथेच चुकती झाली. सोलापुरात मोजलेली रक्कम त्यानंतरची.

या घराला फियाट नवी नव्हती. भाऊंच्या वडिलांनी १९६६ मध्ये अशीच एक फियाट दुसऱ्या हाताने घेतली होती. पुण्याच्या पेठेत तांदळाचे नमुने घेऊन जाणे, वसुलीला घोटवड्याकडे किंवा माल्याकडे फिरणे आणि पर्वाच्या दिवशी घरच्या बायकांना पुण्याला दर्शनास नेणे, ही तिची कामे. भाऊ तिच्यावरच गाडी शिकले. १९७४ मध्ये दुकानाला टेम्पोची गरज पडली आणि फियाट गेली. भाऊंना हे सौदा झाल्यावर कळले. त्या काळी तेवीस वर्षांच्या मुलाला असे प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती आणि व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय अगदी बरोबर होता. त्या टेम्पोनेच पुढे दुकान वाढवले. भाऊंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मात्र रस्त्याने फियाट गेली की ते अजूनही बोलणे थांबवून तिच्या आवाजाकडे कान देतात, हे घरच्यांनी पाहिलेले होते.

नव्याने घेतलेली गाडी म्हणजे 'सुपर सिलेक्ट'. महाराष्ट्रात हिचे आणि हिच्या आधीच्या बहिणींचे लोकप्रिय नाव 'डुक्कर फियाट'. गोल पाठ आणि पुढे आलेले नाक पाहून कुणीतरी ते ठेवले आणि चिकटले. (भाऊंच्या घरात हे नाव उच्चारले जात नाही; तेथे ती 'गोल फियाट'.) इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढचे आसन सलग बाकासारखे. सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे पुढची दारे उलटी उघडतात: बिजागरी मागे आणि कडी पुढे. दार नीट लागले नसेल तर वेगात वाऱ्याने ते एकदम उघडण्याचा धोका असतो, म्हणून पुढे अकराशे डी या मॉडेलपासून कंपनीने ही रचना बदलली. तथापि गुडघे आखडलेल्या माणसाला आत बसण्यासाठी याहून सोयीचे दार नाही, हेही खरे.

गाडी सोलापुरातील एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये होती. मुलगा तीनदा जाऊन आला. पहिल्या खेपेस खिशात लोहचुंबक घेऊन गेला; कापडात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावरून फिरवले की जेथे ते धरत नाही तेथे आत पुटिंग भरलेले आहे असे समजावे. उजवीकडच्या मागच्या मडगार्डवर वीतभर जागी चुंबक घसरले, बाकी पत्रा शाबूत निघाला. दुसऱ्या खेपेस इंजिन आणि चॅसीचे क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहिले. एक आकडा पुसट होता, तो रॉकेलच्या बोळ्याने साफ करून वाचला. तिसऱ्या खेपेस सौदा झाला. या सौद्यात घासाघीस फारशी झाली नाही, कारण विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांना किमतीपेक्षा दुसरीच चौकशी होती. गाडी लग्नाच्या वरातींना भाड्याने देणार का, हे त्यांनी दोनदा विचारले. देणार नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच पाच हजार कमी केले.

येथे कागदपत्रांविषयी थोडे सांगणे उपयोगाचे ठरेल, कारण समाजातील अनेक तरुणांना अलीकडे हा छंद जडला आहे. काटेकोर जाणकार १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच व्हिंटेज म्हणतात. त्यांच्या लेखी ही फियाट कालची पोर. परंतु केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूप राखलेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. भाऊंना हे रुचले नाही. ज्या गाडीतून मंदिरात जाता येत नाही ती वाहनांच्या मर्यादेत का मोजायची, असा त्यांचा सवाल. डॉक्टरांनी जुन्या क्रमांकाची नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करून जिवंत ठेवली होती, म्हणून तीच पुढे चालवायचे ठरले. हस्तांतरणाचे एकोणतीस व तीस क्रमांकाचे फॉर्म भरले, विमा आणि पीयूसी नवी काढली.

मुलाचा बेत गाडी ट्रकवर चढवून आणण्याचा आणि भाऊंना रेल्वेने परत नेण्याचा होता. एप्रिलचा पहिला आठवडा, सोलापूरचे ऊन, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि त्रेसष्ट वर्षांची गाडी. विचार चुकीचा नव्हता. भाऊंनी मात्र विचारले, "चालती गाडी पाठीवर घालून का न्यायची?" त्यांचा स्वतःचा परवाना संपून काही वर्षे झाली होती, चालवणार मुलगाच होता. मुलाचा इलाज चालला नाही. आदल्या दिवशी दोघे रेल्वेने सोलापूरला पोहोचले आणि तेथील सोयऱ्यांकडे उतरले.

भाऊ रोज सकाळी चौदा नियम धारतात. जाणकार वाचकांना ठाऊकच आहे की त्यात वाहनाचाही नियम येतो. त्या सकाळी त्यांनी वाहन एक धरले, आणि तेही घरी पोहोचेपर्यंत. मुलाच्या हे लक्षात आले तेव्हा नियम घेऊन झाला होता. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्या, नवकारशी पारली, सोयऱ्यांनी कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी बांधून दिली, आणि सव्वासातच्या सुमारास गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

हैदराबाद ते पुणे हा महामार्ग आता चौपदरी आहे. त्यावर ताशी पन्नासने जाणारी गाडी म्हणजे दिंडीतला वारकरीच. डावी बाजू धरायची आणि आपल्या चालीने चालायचे. या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक, त्यांना हवेचा किंवा अन्य कशाचाही आधार नाही. पायाने जेवढा जोर लावाल तेवढीच गाडी थांबणार. म्हणून पुढच्या वाहनापासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवावे लागते, आणि ते अंतर दिसले की मागचा प्रत्येक जण त्यात घुसतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याखेरीज बिनआवाजाचा पडत नाही. मोहोळपर्यंत मुलाचे खांदे ताठ होते. नंतर हात हळूहळू सैलावले. टेंभुर्णीच्या पुढे भीमेच्या पुलावर वारा लागला तेव्हा भाऊंनी दाराची कडी एका हाताने दाबून धरली. पन्नास वर्षांपूर्वीची सवय हाताने आपणहून आठवली होती.

या गाडीचा जन्म कुर्ल्याचा, पण मूळ पुरुष सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलोपार्जित कापूस, धान्य आणि सावकारीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतून आलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून ते बांधकामाच्या कंत्राटांत शिरले. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या ५ एप्रिलच्या स्मरणार्थ आजही देशात सागरी दिन पाळला जातो. मोटारीचा कारखाना काढण्याची त्यांची धडपड त्यानंतरची. सर विश्वेश्वरय्यांची योजना त्यांच्यासमोर होती, परंतु परक्या सरकारला हिंदुस्थानात मोटार बनू द्यायची नव्हती. १९३९ मध्ये मोटारीच्या बोलण्यांसाठी ते अमेरिकेला गेले आणि परतीच्या वाटेवर एका विमान व्यावसायिकाशी गाठ पडून विमानाच्या कारखान्याची कल्पना घेऊन आले. १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीला मात्र थांबावे लागले. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि कुर्ल्याहून पहिली वाहने १९४७ मध्ये बाहेर पडली, तीही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. इटलीची फियाट अकराशे या कारखान्यातून रस्त्यावर आली १९५४ मध्ये. वालचंदशेठ ८ एप्रिल १९५३ रोजी गेले होते. ज्या गाडीने पुढे अर्धे शतक हिंदुस्थानातील मध्यमवर्ग वाहिला, ती तिच्या मूळ पुरुषाने धावताना पाहिली नाही.

पुढची कथा बहुतेक घरांना ठाऊक आहे. परवान्यांच्या त्या काळात फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड एवढ्याच गाड्या. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. फियाटची प्रेसिडेंट झाली, सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरल्या.

इंदापूर आले तेव्हा दहा वाजत होते. सरळ भिगवणवरून गेले तर रस्ता जवळचा; परंतु भाऊंनी डावीकडे निमगाव केतकीच्या रस्त्याला वळायला सांगितले. त्यांना वालचंदनगर पाहायचे होते. मुलाने घड्याळाकडे आणि रेडिएटरच्या काट्याकडे पाहिले आणि गाडी वळवली. गर्द झाडी, आखीव रस्ते, कामगारांच्या वसाहती, आणि भोवती ऊस. ओसाड माळावर १९३० च्या दशकात येथे साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती गाव वसले. पुढे येथील यंत्रशाळेने इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडवले. साखरेपासून अग्निबाणापर्यंतचा हा पल्ला एका व्यापारी घराण्याने गाठला, याचा समाजात अभिमान सांगितला जातो. अभिमान योग्यच आहे, फक्त आपल्या मुलाने गादी सोडून असे काही करायचे ठरवले तर किती घरांतून होकार मिळेल, हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवलेला असतो. वालचंदशेठांचे अनेक उद्योग त्यांच्या हयातीतच अडचणीत आले, काही सरकारकडे गेले. आडतीच्या हिशेबाने पाहिले तर माणूस सतत जोखमीत होता.

येथे उसाचा आणखी एक संबंध निघाला. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि त्यातला मोठा भाग उसाच्या मळीतून आणि रसातून येतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे असे इंधन गृहीत धरून केलेले नसतात; ते फुगतात, चिरतात, पाझरतात. इंजिनाच्या उष्णतेजवळ पाझरणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. सोलापूरच्या मिस्त्रीने निघण्यापूर्वी सगळ्या नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या बसवल्या होत्या. जुनी गाडी घेणाऱ्याने दुसरे काही केले नाही तरी एवढे करावेच, आणि गाडीत अग्निशामक नळकांडे ठेवावे.

बारामतीला मंदिरात दर्शन, मग एका धर्मशाळेच्या ओसरीवर जेवण. भाकरी, चटणी, सोबत आणलेले दही. निघताना भाऊ म्हणाले, "एक्झॉस्टमधून फट् वाजते आहे. ऐकलेस का?" मुलाने ऐकले नव्हते. पाच-सात किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा म्हणाले. सव्वादोनच्या सुमारास पाटसच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

उन्हाचा पारा चाळिशीच्या घरात. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ, तिची सावली गाडीच्या निम्म्यालाही पुरेना. मुलाने बॉनेट उघडले. त्याच्या वाचनात आणि पाहण्यात असे आले होते की या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाला लागून असतो. तो तापला की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि प्रवाह तुटतो. उपाय जुना आणि सोपा: पंपावर ओले फडके. त्याने फडके भिजवून ठेवले. रेडिएटरमध्येही पाणी घालावे लागणार होते. शेजारच्या वस्तीवरून कळशी मिळाली, आणि येथे भाऊंनी खिशातले गाळणे काढले. "रेडिएटरमध्ये सुद्धा?" मुलाने विचारले. "पाणी उकळणार नाही का आत?" भाऊंनी उत्तर दिले आणि गाळून उरलेले पाणी काळजीपूर्वक परत त्याच हौदात नेऊन सोडले. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. चार किलोमीटर चालली आणि पुन्हा थांबली.

आता मुलाला काळजीने घेरले. पुण्यातील भाच्याला फोन लावला. तो दीड-दोन तासांत आपली गाडी घेऊन यायला तयार झाला. फियाट ट्रकवर जाईल, भाऊ थंड गाडीतून घरी जातील. भाऊंनी फोन ऐकला आणि शांतपणे सांगितले की आजचे वाहन ठरले आहे. मुलाचा आवाज चढला, जो त्या घरात सहसा चढत नाही. ऊन, गोळ्या, वय, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेणार नाहीत ही चौविहाराची अडचण, सगळे त्याने एका दमात बोलून टाकले. "इथे तुम्हाला काही झाले तर मी घरी काय सांगू?" भाऊ थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा रे, नियम माझा आहे. त्याचा त्रास तुला होतो आहे, हे मला दिसते. पण तू एक कर. पंप सोड आणि डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढ. हा आवाज पेट्रोलचा नव्हे, विजेचा आहे."

झाकण काढले. आतले पॉइंट काळेनिळे पडलेले होते. जुन्या मोटारींत ठिणगीसाठी हे दोन पॉइंट मिनिटाला हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. उघडताना त्यांच्यामध्ये वीज उडी मारू पाहते. ती उडी शोषून घेण्यासाठी बोटाच्या पेराएवढे कंडेन्सर शेजारी बसवलेले असते. कंडेन्सर नादुरुस्त झाले की पॉइंट जळतात, प्लगला पुरेशी ठिणगी मिळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये फट् असा आवाज येतो. फसवणूक अशी की कंडेन्सर तापल्यावर बिघडते आणि निवल्यावर पुन्हा थोडा वेळ काम करते. म्हणून ओले फडके ठेवून वीस मिनिटे थांबले की गाडी सुरू होते आणि श्रेय फडक्याला जाते. या एका कारणाने कितीतरी जणांनी पेट्रोल पंप विनाकारण बदलले असतील.

मुलाने पॉइंट पॉलिश पेपरने घासले, त्यावर गाडी कशीबशी पाटसच्या फाट्यापर्यंत आली. चार-पाच जणांना विचारल्यावर एका जुन्या मिस्त्रीचा पत्ता लागला. वय भाऊंच्याच आसपासचे. दुकानात आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकली; तरी फियाट दिसताच ते खाटेवरून उठून आले. फियाटचे कंडेन्सर त्यांच्याकडे नव्हते. जुन्या स्कूटरचे होते. काम एकच, मापही जवळपास तेच, फक्त बसण्याची जागा वेगळी. तेव्हा ते डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेर तारेने आवळून बांधले आणि वायर आत नेली. पॉइंटमधले अंतर त्यांनी पोस्टकार्डाच्या तुकड्याने लावले. किल्ली फिरवताच इंजिन असे लागले की भाऊंच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच हसू दिसले.

"किती झाले, मिस्त्री?"

"द्या शेठ, शंभर. या गाडीचे पैसे घ्यायला जीव होत नाही."

भाऊंनी शंभर दिले आणि विचारले, "तसले दुसरे आहे का?" होते. तेही घेतले, त्याचे वेगळे पैसे दिले. चांगला माल हाती लागला की एक नग जादा घ्यावा, ही अक्कल कोणत्याही छंदापेक्षा जुनी आहे.

तेथून निघायला सव्वापाच झाले. सूर्यास्त सातला दहा कमी असताना. यवतच्या पुढे एका रसवंतीच्या मांडवात थांबून भाऊंनी सोबतच्या उकाळलेल्या पाण्याने गोळी घेतली, दोन खाकरे खाल्ले, पुन्हा पाणी प्याले आणि पच्चक्खाण घेतले. मुलाने काही खाल्ले नाही. विचारल्यावर भूक नाही म्हणाला. लोणी काळभोरला दिवस मावळला.

डायनामोवर चालणारे दिवे इंजिन मंदावले की पिवळे होतात आणि मंदावल्यावाचून हडपसरला पुढे जाता येत नाही. मंतरवाडीवरून कात्रजकडे आणि तेथून बाह्यवळणाने चांदणी चौक, हा तास दीड तासाचा भाग दिवसातील सर्वांत अवघड. क्लचवरचा पाय थरथरू लागला. एका सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने गाडीच्या टपावर हात फिरवला आणि आपल्या बापाची अशी टॅक्सी होती असे सांगितले. सिग्नल सुटल्यावरही तो बाजूने चालत राहिला, मागच्यांना हाताने थोपवत.

भूगाव, भुकूम मागे पडले. पिरंगुटच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि एका लयीत चढू लागली. भाऊंनी काच खाली केली. मुळशीकडून येणारा गार वारा आत आला. ते म्हणाले, "इथे तुझे आजोबा इंजिन निववायला हमखास थांबायचे. थांबायचे का?" काटा मध्यावर होता, थांबण्याची गरज नव्हती. मुलाने तरी माथ्यावर गाडी कडेला घेतली. दोघे पाचेक मिनिटे उलट्या दारांना टेकून उभे राहिले. दुपारच्या बोलण्याचा विषय निघाला नाही.

पौडला पोहोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. पेठेतली दुकाने बंद झाली होती, पण माणसे ओट्यावर होती. सूनबाईंनी दिवा घेऊन गाडी ओवाळली आणि पहिली चौकशी केली ती दिवसभरात काय काय खाल्ले याची. बुलेट जेथे उभी राहत असे ती जागा गाडीला अपुरी पडली. पोत्यांची चवड हलवावी लागली.

सकाळी गाडीखाली फरशीवर इंजिन ऑइलचा रुपयाएवढा डाग होता. या गाड्या थोडे ऑइल गाळतातच, त्यात बिघाड असे काही नाही. मुलगा डाग पुसायला फडके घेऊन आला. भाऊ त्याच्या आधी आले होते. त्यांनी पत्र्याचा एक उथळ डबा शोधून काढला होता, त्यात चुलीची चाळलेली राख पसरली होती. उघड्या तेलात मुंगी-चिलट अडकते. राखेत तेल मुरून जाते. डबा डागाच्या बरोबर वर सरकवून झाल्यावर त्यांनी मुलाला सांगितले की आठवड्याने राख बदलावी लागेल, आणि कंडेन्सरची पुडी टेबलाच्या डावीकडच्या खणात ठेवली आहे.